हरणारं खोडत जायचं

परवा हमीदाचाची दुकानात आल्या आणि चाँदचाचांच्या मृत्यूच्या दाखल्याच्या पाच झेरॉक्स काढून घेऊन गेल्या. एक प्रत जरा फिकट आली होती, ती त्यांनी उजेडात धरून पाहिली, पण काही बोलल्या नाहीत. चाचा असते तर मशीनपासून माझ्या खानदानापर्यंत सगळ्यांचा उद्धार झाला असता. मी ती प्रत मागे घेऊन दुसरी काढून दिली.

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. पण चाँदचाचांबद्दल नुसतं चांगलंच बोलायचं ठरवलं, तर दोन वाक्यांत आटपेल आणि तीही बहुधा घोड्यांनीच बोलावी लागतील. घोड्याच्या अंगावर त्यांनी कधी आवाज चढवलेला मी ऐकला नाही. माणसाशी मात्र कधी आवाज उतरवून बोलल्याचं आठवत नाही.

चाचा नालबंद. तरुणपणी पुण्याला रेसच्या तबेल्यात होते, वीस-बावीस वर्षं तिथं घोड्यांना नाल ठोकले. मग कंबर गेली आणि कोल्हापूरला माझ्या दुकानामागच्या गल्लीत येऊन राहिले. इथं काम उरलं होतं ते वरातीच्या घोड्यांचं, गावोगावच्या शर्यतीतल्या घोड्यांचं आणि थोडंफार बैलांचं. ठेंगणा, फेंगड्या पायांचा माणूस, मनगटं मात्र पैलवानासारखी. अंगाला जळक्या खुराचा वास यायचा आणि कानावर सुताराची चपटी लाल पेन्सिल असायची. माणसाच्या तोंडाकडं बघायची त्यांना सवयच नव्हती. आधी पाय बघत. बहुतेक वेळा तेवढ्यावरच भागत असे.

माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान. चाचा पहिल्यांदा आले ते हातातला मोबाईल माझ्यापुढं धरून. त्यात शनिवारच्या रेसचं कार्ड होतं.

"बाई, हे कागदावर निघंल का? फोनवर खोडता येत न्हाई."

मी काउंटरमागून उठून मशीनपर्यंत गेले, तेवढ्यात मागून आवाज आला, "डावी चप्पल टाचंला झिजलीया. कंबर धरती न्हवं तुमची?"

कंबर धरत होती. पण दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी असताना एका अनोळखी माणसानं ते सांगावं, याचा मला राग आला. तो राग पुढं अकरा वर्षं पुरला.

दर शनिवारी दुपारी चाचा यायचे, कार्डाच्या दोन प्रती काढायच्या. एक स्वतःला, एक मंडळींना. मंडळी म्हणजे दूध संस्थेचे सेक्रेटरी बापू चौगुले आणि त्यांच्याबरोबर येणारे चार-पाच रिकामटेकडे. माझ्या दुकानाच्या पायरीवर बैठक बसायची. ही मंडळी फोनवरून पुढं काय करायची ते मी कधी विचारलं नाही. चाचा स्वतः एक रुपया लावत नसत. त्यांना फक्त कोण जिंकणार ते पाहायचं असे आणि त्याहून जास्त, कोण हरणार ते.

"जितणारा निवडायचा नसतोय," ते म्हणायचे. "हरणारं खोडत जायचं. उरंल त्यो."

आणि पेन्सिल चालायची. हा चौदाशे मीटरच्या पुढं कधी पळाला नाही, खोड. याला बाहेरचा गेट आलाय, वळणावर फुकटचं पळावं लागणार, खोड. ह्याच्या उजव्या पुढच्या पायाला मागच्या खेपेला पट्टी होती, आज नाही म्हणून मालक खूश आहे, खोड. चौदातले दहा असे जायचे. उरलेल्या चारांपुढं ते स्वतःचा भाव लिहायचे. बाजारात एखाद्या घोड्याचा भाव दहाचा चालला असेल, म्हणजे एकाला दहा मिळणार असतील, तर लोक त्याला धरत नसत. चाचा लिहायचे चार. मग बापू डोळे बारीक करून विचार करत बसायचे.

हँडिकॅप म्हणजे काय ते मला याच पायरीनं शिकवलं. बापूंच्या भाच्यानं एकदा विचारलं, की चांगला घोडा दर वेळी जिंकत कसा नाही. चाचा म्हणाले, "जितू देत न्हाईत म्हणून. जो पळतोय त्याच्या पाठीवर वजन टाकत्यात. जिनात शिशाच्या पट्ट्या घालत्यात. चांगल्याला साठ किलो, रद्दड्याला पन्नास. सगळी यका रेषंत यावीत म्हणून." मग भाच्याच्या पायाकडं बघून म्हणाले, "तुझ्या पाठीवर कवा कोण काय टाकणार न्हाई. काळजी करू नगंस."

पोरगा त्यानंतर पायरीवर आला नाही.

माणसांनाही ते असेच खोडायचे. बापूंच्या मुलीला तीन स्थळं आली होती. बापू बायोडाटाच्या प्रती काढायला आले आणि चेष्टेनं तिन्ही कागद चाचांपुढं धरले. चाचांनी चेष्टा केली नाही. तिघांना बघून आले. एकाला त्याच्या दुकानात, एकाला बसस्टँडवर, एकाला तालमीत. शनिवारी येऊन दोन नावांवर लाल रेघ मारली. त्यातलं एक नाव बापूंच्या मुलीला आवडलं होतं. बापूंना ते ठाऊक होतं, पण चाचांनी सगळ्यांदेखत खोडलेलं स्थळ परत कसं उचलायचं? उरलेल्याशी लग्न झालं. दोन वर्षांनी बापू जरा चाचरत म्हणाले, "चाचा, पोरगी काय हसत न्हाई ओ."

"हसंल का म्हणून कवा इचारलंतासा? टिकंल का म्हणून इचारलंतासा. टिकलाय न्हवं?"

बापूंनी मान हलवली. टिकला होता.

आता आमच्या ह्यांचं सांगते. ते सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही.

आमचे हे कागदाची रिमं उचलायला दुकानात यायचे. बोलणं कमी, हसणं जास्त, असा माणूस. एका शनिवारी समोरच्या टपरीवरून चहा घेऊन रस्ता ओलांडून येत होते. चाचा पेन्सिल थांबवून त्यांच्या चालीकडं बघत राहिले. मग पायरीवरच्या सहा जणांना ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाले, "बाई, मालक डावा पाय फरपटत्यात. पायाचं न्हाई हे, मेंदूचं हाय. साल काढतील."

हे हसले. मंडळींतलंही कुणीतरी हसलं. मी म्हटलं, "चाचा, तोंड आवरा. इथं माणसं राहतात, तबेला नाही." चाचा म्हणाले, "दिसलं ते सांगितलं," आणि पुढचा घोडा खोडायला लागले.

अकराव्या महिन्यात हे गेले, मेंदूतच रक्तस्राव झाला. तेव्हाच दवाखान्यात न्यायला हवं होतं. रागाच्या भरात नेलं नाही, की नेलं तर म्हातारा खरा ठरेल म्हणून नेलं नाही, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. दहाव्याला चाचा आले, दाराशी उभे राहिले आणि बापूंना म्हणाले, "म्या साल म्हटलं हुतं. म्हैना कमीच भरला." त्यांच्या दृष्टीनं हा हिशेब चुकल्याचा कबुलीजबाब असावा. माझ्या दृष्टीनं तो काय होता ते मी इथं लिहीत नाही.

तरी शनिवारी ते आले की मी दोन प्रती काढून देत राहिले.

चाचांना एकच मुलगा, यासीन. पुण्याला जॉकी होता. शिकाऊ असताना बराच नावाजला गेला. मग मधली वर्षं मध्यमच गेली. एकतिसाव्या वर्षी घोड्यावरून पडून खांदा मोडला आणि सहा महिने इथं घरी येऊन राहिला. गोरापान, बारीक आवाजाचा, मला ताई म्हणायचा. बापासमोर मान वर करत नसे. घरी बसून आणि आईच्या हातचं खाऊन त्याचं वजन वाढलं. जॉकीचं वजन वाढणं म्हणजे पैलवानाचं कमी होण्यासारखं. चाचा त्याला हाक मारताना नावच घेत नसत. "ए चोपन किलो, इकडं ये," म्हणायचे.

त्या पावसाळ्यात पुण्याहून ट्रेनरचा फोन आला. सीझनची मोठी हँडिकॅप पंधरा दिवसांवर होती. त्यांच्या तबेल्यात ब्लू लँटर्न नावाची घोडी होती, तिला सगळ्यांत कमी वजन आलं होतं, पन्नास किलो. त्यात एक किलो जिनाचं. म्हणजे बसणारा एकोणपन्नासचा पाहिजे. घोडी यासीनच्या हाताला चांगली पळायची, म्हणून त्याला विचारलं होतं. आदल्या दिवशी संध्याकाळी पुण्यात वजन द्यायचं. जास्त भरलं तर दुसरा बसेल. आणि ही संधी गेली तर एकतिसाव्या वर्षी मोडक्या खांद्याच्या जॉकीला परत कुणी फोन करणार नव्हतं. हे यासीनला माहीत होतं, सगळ्या गल्लीलाही माहीत होतं.

चाचांनी त्या रेसचं कार्ड माझ्याकडून काढून घेतलं आणि चौदा घोड्यांवर दोन तास बसले. घोडीच्या मागच्या रेसचा व्हिडिओ फोनवर वीसदा बघितला, तोही नुसते मागचे पाय. "पाचवी आली म्हणून सगळी हिला इसरल्यात," म्हणाले. "छप्पन किलो हुतं पाठीवर आन वळणावर माती सरकली. आता सहा किलो उतरलंय. वरच्या घोड्यावर यकसष्ट हाय. शेवटच्या दोनशे मीटरला त्ये अकरा किलो बोलणार." दहा नावं खोडली. चौघांत ब्लू लँटर्न राहिली. बाजारात तिचा भाव बाराचा होता. चाचांनी चार लिहिलं.

बापू म्हणाले, "चाचा, आपला यासीन बसणार हाय. चारच का?"

"चार घोडीचा," चाचा म्हणाले. "जॉकी धरून आठ."

यासीन तिथंच पायरीखाली उभा होता.

मग ते पंधरा दिवस. पहाटे यासीनला दोन स्वेटर आणि त्यावर प्लॅस्टिकचा रेनकोट घालायला लावून जोतिबाचा डोंगर चढायला लावायचे. चाचा स्वतः बापूंच्या दुधाच्या टेम्पोतून वर जाऊन उभे राहायचे. पोरगा वर पोचला की रेनकोटाच्या बाहीतून घाम ओतून दाखवायचा आणि पुन्हा खाली उतरायचा. दिवसाला एक अंडं आणि अर्धी भाकरी. हमीदाचाचींनी एकदा लिंबूपाण्यात साखर घातली, तर चाचांनी तो पेला अंगणात ओतला आणि पोराचं जेवण स्वतः करायला लागले. मधेच चाचींच्या भाचीचं लग्न आलं. मलाही बोलावलं होतं. चाचांनी यासीनला पंगतीत बरोबर मधोमध बसवलं, पुढं रिकामं ताट. मटणाच्या वाफा येत होत्या.

"बस. वास घे," म्हणाले. "वासाला वजन नसतंय."

मी ताटातला हात मागे घेतला. यासीन मात्र ताटाकडं बघून हसला आणि मला म्हणाला, "ताई, जेवा की. माझं हुईल पंधरा दिवसांनी."

वजन रोज संध्याकाळी व्हायचं. यासीन म्हणाला होता, की घरी एक काटा घेऊ या. चाचा म्हणाले, "घरचा काटा घरच्यागत बोलतोय. चार माणसांत व्हायला पायजे." माझ्या दुकानासमोर सुभाना रद्दीवाल्याचं दुकान. त्याच्याकडं पोतं ठेवायचा मोठा इलेक्ट्रॉनिक काटा होता. त्यावर रोज सहा वाजता यासीनला अर्ध्या चड्डीवर उभं करायचे, वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांमध्ये. रस्त्यानं क्लासच्या पोरी जात-येत असायच्या. चाचा आकडा ओरडून सांगायचे. पहिल्या दिवशी एक्कावन्न आठशे होता.

आता सुभानाच्या काट्याबद्दल. रद्दीवाल्याचा काटा कमी दाखवतो हे लहान पोरालाही कळतं. सुभानाचा किलोमागं पन्नास ग्रॅम खायचा. माझे वाया गेलेले कागद मी वर्षानुवर्षं त्यालाच घालत होते. बापूंच्या संस्थेत वीस किलो भरलेला गठ्ठा त्याच्याकडं एकोणीस व्हायचा. आम्ही सगळे ते धरूनच चालायचो. चाचांना मात्र ते माहीत नव्हतं, कारण त्यांनी जन्मात कधी रद्दी घातली नाही. जुनी रेसकार्डंसुद्धा पत्र्याच्या पेटीत ठेवत. त्यांना दुकानदार माहीत होते ते जास्त दाखवणारे, भाजीवाले आणि मटणवाले. म्हणून त्यांनी पहिल्याच दिवशी सुभानाला दरडावून विचारलं होतं, "काटा जास्ती तर दावत न्हाई न्हवं?"

"जास्ती न्हाई दावत, चाचा. देवाशप्पत," सुभाना म्हणाला. खरंच बोलला.

तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं. काट्यावर एकोणपन्नास दिसेल तेव्हा पोरगा साडेएक्कावन्न असणार. त्याच संध्याकाळी सुभाना शटर ओढायच्या आधी माझ्याकडं आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"बाई, चाचास्नी सांगू का? सांगितलं तर चारचौघांत माझी वीस वरसं काढतील. आन पोरगं कमी तर हुतंयच की."

"तुझा काटा, तुझं तोंड," मी म्हटलं. "मला काय विचारतोस?"

सुभाना गेला आणि बोलला नाही. मीही बोलले नाही. बापूंना कळलं नसेल असं नाही, तेही गप्पच. प्रत्येकाला वाटलं, दुसरा कोणीतरी सांगेल. पण माझ्यापुरतं मी खरं ते सांगते. मला वाटत होतं, की ह्या माणसानं एकदा तरी सगळ्यांसमोर चुकावं. आपल्या डोळ्यानं बघितलेला आकडा खोटा निघावा आणि त्यानं मान खाली घालावी. यासीनचा विचार मनात आला नाही असं नाही. आला, आणि मी तो बाजूला सारला. रोज संध्याकाळी सहाला मी काउंटरवर बसून तो पोरगा वाळत जाताना बघत होते.

शेवटच्या दिवशी काट्यावर अठ्ठेचाळीस नऊशे दिसलं. यासीनच्या बरगड्या मोजता येत होत्या, गालांत खड्डे पडले होते. चाचांनी आकडा दोनदा वाचला. "बसला," म्हणाले. तेवढंच. पण पंधरा दिवसांत त्यांनी पोराच्या खांद्यावर पहिल्यांदा हात ठेवला, मोडलेल्या खांद्यावर, जपून. यासीन कपडे घालून माझ्या दुकानात आला. माझ्या बाटलीतलं एक घोट पाणी मागून प्यायला, एकच.

"ताई, परवा फोनवर बघा हां," म्हणाला. "हिरवी टोपी आसंल माझी."

त्या वेळी दुकानात दुसरं कोणी नव्हतं. मी म्हटलं, "बघीन की."

रविवारी दुपारी मंडळी माझ्या दुकानात जमली, कारण कॉम्प्युटरचा पडदा मोठा होता. रेसला तासभर असताना चाचांचा फोन वाजला. चाचांना कानानं कमी ऐकू यायचं, त्यामुळं फोनमधलं बोलणं सगळ्यांना ऐकू येत असे.

"अब्बा, काल सांजंला एक्कावन्न पाचशे भरलं. गरम पाण्यात बसून बसून पन्नासवर आणलं. फुडं उतरंना. चक्कर येऊन पडलो. दुसऱ्याला बसवलंय."

चाचांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले, "काय खाल्लंस?"

"काय न्हाई खाल्लं, अब्बा. अल्लाशप्पत न्हाई."

"अडीच किलो काय हवा खाल्लास?" म्हणाले आणि फोन बंद केला.

सुभाना दारात उभा होता, तो मागच्या मागं आपल्या दुकानात गेला. बापू पंख्याकडं बघत होते. तेव्हाही बोलता आलं असतं. मी माऊस हातात घेऊन पडदा नीट लावत बसले.

रेस झाली. ब्लू लँटर्न वळणापर्यंत सहावी होती. सरळ रस्त्याला लागल्यावर वरच्या वजनाचा घोडा पुढं होता, पण शेवटच्या दोनशे मीटरला त्याची मान वर आली आणि तो जागच्या जागी पळतोय असं वाटायला लागलं. हिरवी टोपी कडेनं आली आणि एका घोड्याच्या अंतरानं जिंकली. टोपीखाली भलताच कोणीतरी होता. चाचांनी सांगितलं होतं तसंच, पावलाला पाऊल झालं. कोणी टाळी वाजवली नाही. चाचा उठले, कार्ड घडी करून खिशात घातलं.

"चारचाच भाव हुता," म्हणाले आणि घरी गेले.

सोमवारी सकाळी मी शटर उघडलं तेव्हा सुभानाच्या दुकानात काट्याचा मेकॅनिक बसला होता, पुढं पितळी वजनं मांडून. अर्ध्या तासात काटा सरळ झाला. सुभानानं माझ्याकडं बघितलं नाही आणि मीही त्याला हाक मारली नाही.

यासीन संध्याकाळी आला. ओठ फुटलेले, डोळे आत गेलेले. चाचा गल्लीच्या तोंडाशीच उभे होते. यासीन म्हणाला, "अब्बा, ह्यो काटा चुकीचा हाय." आयुष्यात पहिल्यांदा तो बापाच्या डोळ्यांत बघून बोलत असावा. चाचांनी वाद घातला नाही. बापूंच्या संस्थेतून पेंडीचं पन्नास किलोचं शिवलेलं पोतं हातगाडीवरून आणवलं. सगळ्यांना बोलावलं. हमीदाचाचीही आल्या. पोतं काट्यावर ठेवलं.

पन्नास शंभर. वरचे शंभर ग्रॅम बारदानाचे.

"बघितलासा?" चाचा सगळ्यांना म्हणाले. मग पोराला म्हणाले, "आईनं डबा दिला आसंल. गाडीत बसून खाल्लास. घोडी जितली आसती आन तुझं नाव लागलं आसतं. अडीच किलोला इकलंस."

"म्या न्हाई दिला डबा," हमीदाचाची म्हणाल्या.

"तुमी दोघं यकच."

यासीननं काट्याकडं बघितलं, मग आमच्याकडं बघितलं. सुभाना, बापू, मी, असा एकेकाकडं बघत गेला. त्याला खोटं काय ते कळत होतं, पण कुठं ते सापडत नव्हतं. मी खाली बघितलं. अंधार पडायच्या आत तो पिशवी घेऊन निघून गेला. मलकापूरला रत्नागिरी रोडवर एका हॉटेलात लागला, असं पुढं कळलं. आता वजन सत्तरच्या पुढं गेलंय म्हणतात. चाची दर शुक्रवारी दर्ग्याला जाते म्हणून सांगून एसटीनं त्याला भेटून येत.

चाचा शनिवारचे यायचे थांबले. मंडळी दोन आठवडे पायरीवर बसली, मग विस्कटली. घोड्यांची कामंही चाचा घेईनासे झाले.

चारेक महिन्यांनी एका दुपारी ते दुकानात आले. कानावर पेन्सिल नव्हती. काउंटरवर रेशनकार्ड ठेवलं.

"बाई, अर्ज टाइप करायचा हाय. यासीनचं नाव कमी करायचं."

मी खुर्ची ओढून कॉम्प्युटरसमोर बसले. चाचा तसेच उभे राहिले. आणि त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. अकरा वर्षांत त्यांचे डोळे मी प्रथमच समोरून पाहिले. एकात मोतीबिंदू होता.

"त्याच्याआधी यक इचारतो. त्याची आई माझ्या डोक्यावर हात ठिवून सांगतीया, डबा दिला न्हाई. ती कवा खोटं बोलल्याली न्हाई. तुमी रोज समोर बसून बघत हुता. तुमास्नी मी आवडत न्हाई ते मला ठावं हाय, म्हणून तुमालाच इचारतो. माझी भीडभाड धरणार न्हाईसा. काटा बराबर हुता न्हवं?"

समोर सुभानाचा हात सुतळीवर थांबला.

"नाही" एवढंच म्हणायचं होतं. त्या एका शब्दावर पोरगा संध्याकाळच्या एसटीनं घरी आला असता. पण त्यामागून चाचांनी विचारलं असतं, तुमाला कवापासनं ठावं हुतं. त्याचं उत्तर माझ्याकडं होतं, देण्यासारखं नव्हतं.

"पोतं तुम्हीच ठेवलं होतंत की, चाचा," मी म्हटलं.

"व्हय. पन्नासच भरलं."

त्यांनी रेशनकार्ड माझ्याकडं सरकवलं. मग म्हणाले, "लिवा."

मी टाइप करत गेले. कारणाच्या ओळीपाशी थांबून विचारलं, काय घालू.

"खोटं बोलतोय म्हणून, असं लिवता येतंय का?"

"नाही. विभक्त राहतो, असं लिहितात."

"मग तसं लिवा."

कागद निघाला. चाचांनी तो डोळ्यांजवळ धरून मुलाचं नाव बोटानं शोधलं, बरोबर आहे ना ते बघितलं आणि खाली एकेक अक्षर जोडत सही केली. घडी घालून खिशात ठेवली.

"तुमी हुता म्हणून खातरी झाली, बाई," म्हणाले, आणि पायरी उतरून पुरवठा कचेरीच्या दिशेनं चालायला लागले.